गार्ड मध्ये येतो

(लालबाग. श्रावणातली सकाळ. गल्लीच्या तोंडाशी गणपतीच्या मंडपाचा लोखंडी सांगाडा उभा राहतोय. मंडळाचा कार्यकर्ता : पायात स्लिपर, डोळ्यांवर दादर स्टेशनबाहेरचा काळा गॉगल, हातात ग्राइंडर. समोर चाळीच्या ओट्यावर गिरणीतून निवृत्त झालेले, मागावर काम केलेले साचेवाले आजोबा. कान गेलेले, तोंड शाबूत.)

आजोबा : अरे ए, बंद कर ते!

कार्यकर्ता : आवाजाचा त्रास होतो का, आजोबा? पाच मिनिटं फक्त.

आजोबा : मला कसला त्रास? कान साचेखात्यातच ठेवून आलो. आख्खी गिरणी कापसाने भरलेली, आणि कानात घालायला एकाकडे बोळा नाही!

कार्यकर्ता : का नाही घातला?

आजोबा : घातला की ‘काय रे, सर्दी झाली?’ म्हणून हसायचे. आणि नुसत्या बोळ्याने तो आवाज अडतो थोडाच! घट्ट बसणारी बुचं लागतात, ती कुणी बघितली होती? आम्ही ओठ बघून बोलायचो. १९८२ ला संप झाला, साचे थांबले, तेव्हा कळलं की शेजारच्या साच्यावरच्या पैलवानाचा आवाज किनरा आहे. ते राहू दे. मशीनचा गार्ड कुठंय?

कार्यकर्ता : काढला. मध्ये येतो.

आजोबा : कुणाच्या मध्ये?

कार्यकर्ता : डिस्कच्या आणि माझ्या.

आजोबा : अरे मेल्या, त्यासाठीच बसवलाय तो!

कार्यकर्ता : तसं नाही हो. मशीन चार इंची, डिस्क पाच इंची. गार्ड असला की डिस्क बसत नाही.

आजोबा : मग चार इंची आण.

कार्यकर्ता : खजिनदार म्हणाले, पाच इंचीचा खोका शिल्लक आहे, आधी तो संपवा.

आजोबा : डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर तारीख असते. वाच.

कार्यकर्ता : (गॉगल कपाळावर सरकवून) २०२१. बनवल्याची असेल.

आजोबा : मुदत संपल्याची आहे. दुधाची पिशवी उलटीसुलटी करून बघतोस, आणि ही तोंडासमोर फिरवतोस तरी बघत नाहीस. डिस्क म्हणजे दाणे आणि ते धरून ठेवणारी राळ. जुनी झाली, ओल लागली की राळ पकड सोडते. खोका होता कुठे?

कार्यकर्ता : गोडाऊनमध्ये.

आजोबा : गोडाऊन कुठे?

कार्यकर्ता : हिंदमाताला.

(आजोबा कपाळावर हात मारतात. हिंदमाताला पावसाळ्यात पाणी तुंबतं, हे परळकराला सांगावं लागत नाही.)

आजोबा : मशीनवर फेरे किती लिहिलेत?

कार्यकर्ता : मिनिटाला ११,०००.

आजोबा : पाच इंचाची डिस्क एका फेऱ्यात हातभरापेक्षा थोडी कमी चालते. म्हणजे कडेचा वेग मिनिटाला सव्वाचार किलोमीटरच्या वर. ताशी अडीचशे. लालबागच्या राजाला विसर्जनासाठी इथून गिरगाव चौपाटीला जायला वीस तासांच्या वर लागतात. तुझ्या डिस्कची कड दीड-दोन मिनिटांत पोचेल. तुकडा उडाला तर वाटेत पहिला कोण?

कार्यकर्ता : (चाचरत) मी. पण गॉगल आहे ना.

आजोबा : तो उन्हाचा. कडांनी उघडा, धक्का बसला की काच आत. लोखंडाचा कण डोळ्यात गेला की केईएमच्या ओपीडीत बस रांगेत.

(खजिनदार येतात. काखेत रजिस्टर, हातात किल्ल्यांचा जुडगा.)

खजिनदार : काम का थांबलं?

आजोबा : याला चष्मा का नाही दिला?

खजिनदार : दोन डझन आणलेत की! चष्मे, मास्क, हातमोजे, सगळं पक्क्या बिलावर. कपाटात आहेत.

आजोबा : कपाटाच्या डोळ्यांत काय जाणार आहे?

खजिनदार : वापरले की ओरखडे पडतात, आजोबा. हिशेब तपासणीला काय दाखवू? आणि काळजी कसली, आम्ही विमा उतरवलाय.

आजोबा : कशाकशाचा?

खजिनदार : मंडपाचा, दागिन्यांचा, रोषणाईचा.

आजोबा : आणि याचा?

खजिनदार : हा घरचाच आहे.

आजोबा : किंग्ज सर्कलच्या जीएसबी मंडळाने २०२४ ला चारशे कोटींचा विमा उतरवला, त्यात सगळ्यात मोठा वाटा माणसांच्या अपघाताचा होता. सोन्याचा नव्हे. पेपरात आलं होतं, अजून डोळे आहेत मला. आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात होतं, डोळ्यांना धोका असेल तिथे चष्मा मालकाने द्यायचा. कपाटात ठेवायचा असं नव्हतं.

खजिनदार : हा कारखाना नाही हो, उत्सव आहे.

आजोबा : डिस्कला कळतो फरक?

कार्यकर्ता : भाऊ, पाऊस येतोय, बोर्डाचं पण बघा. प्लग नाही, वायरी काड्यापेटीच्या काड्यांनी दाबल्यात.

आजोबा : आरसीसीबी आहे ना? तीस मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडतो तो.

खजिनदार : आहे की. पण पाऊस आला की सारखा पडायचा, म्हणून बायपास केलाय.

(बराच वेळ कुणी बोलत नाही. आजोबा ओट्यावरून उतरतात. खजिनदार न सांगता कपाट उघडतात, चार इंची डिस्क आणायला पोराला पाठवतात, वायरमनला फोन लावतात. रजिस्टरात सही घेऊन चष्मा, मास्क आणि हातमोजे देतात. कार्यकर्ता चंद्रावर निघाल्यासारखा उभा.)

कार्यकर्ता : डिस्क येईपर्यंत ड्रिलने भोकं पाडून घेतो.

आजोबा : हातमोजे काढ!

कार्यकर्ता : आत्ताच घातले की!

आजोबा : ग्राइंडरला चामड्याचे, हातात घट्ट बसणारे चालतात. हे सैल सुती आहेत, आणि ड्रिलला तर कुठलेच नकोत. फिरत्या बिटाने धागा पकडला की मोजा ओढला जातो आणि मोज्याबरोबर बोटं. गिरणीत पट्ट्याजवळ सैल सदऱ्याने जायला बंदी होती, ती यासाठीच.

खजिनदार : काढले तर जमा केल्याची सही कर.

आजोबा : आणि ते गळ्यात काय लोंबतंय? बिटावर वाकलास की पहिलं तेच गुंडाळेल. काढून ठेव.

कार्यकर्ता : मंडळाचं ओळखपत्र आहे.

खजिनदार : ते काढायचं नाही हं! सुरक्षेसाठी सक्तीचं केलंय आम्ही.