किती टनाचा बसवायचा?

सर्वप्रथम इमारतीचे तोंड पश्चिमेला करावे. छत्रपती संभाजीनगरात जळगाव रोडच्या पूर्व अंगाला प्लॉट असेल तर हे आपसूक होते. जालना रोडवर असेल तर जरा कष्ट पडतात, पण आर्किटेक्टला ‘दर्शनी भाग उठून दिसला पाहिजे’ एवढे सांगितले की तो मार्ग काढतो. मग त्या दर्शनी भागाला तळापासून गच्चीपर्यंत काच लावावी. काच निळी की तांबूस यावर हवी तेवढी चर्चा करावी. ती ऊन किती अडवते, हे मात्र विचारू नये. शंभर चौरस फूट साध्या काचेतून मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास जी उष्णता आत शिरते, ती बाहेर काढायला टनभर एसी लागतो, आणि दर्शनी भाग काही शंभर फुटांचा नसतो. एकही गाळा विकला गेलेला नसताना सूर्य हा पहिला भाडेकरू राहायला येतो आणि त्याचे भाडे आपण महावितरणला भरतो.

या टप्प्यावर घरातले कोणी ज्येष्ठ, बहुधा आजोबा, माळवदाचा विषय काढतील. त्यांना बोलू द्यावे. जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन हात जाड, खिडक्या लहान, वर मातीचे माळवद. दिवसाचे ऊन भिंत ओलांडून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि तोवर घरातली माणसे माळवदावर अंथरुणे टाकून मोकळी झालेली असायची. सगळे खरे आहे. पण माळवदाला काचेइतका चौरस फुटाचा भाव येत नाही, असे आजोबांना नम्रपणे सांगून पुढच्या विषयाकडे वळावे.

गच्चीचेही तेच. आपले शहर विसाव्या अक्षांशाच्या जरासे अलीकडे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक दुपार अशी येते की सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवशी शाळेतली पोरे अंगणात बाटल्या उभ्या करून सावली कुठे गेली ते शोधतात. सावली जिथे नाही तिथे ऊन आहे, म्हणजे आपल्या स्लॅबवर. गच्चीला पांढरा चुना मारला किंवा पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी केली, तर त्यातले बरेच ऊन आल्या पावली परत जाते. खर्चही एसीच्या मानाने किरकोळ. म्हणूनच हे करू नये. पांढरी गच्ची रस्त्यावरून दिसत नाही, आणि जे रस्त्यावरून दिसत नाही त्यावर पैसे घालवणारा माणूस व्यापारात टिकत नाही. तिथे होर्डिंगचा सांगाडा उभारावा.

आता मुख्य प्रश्न: किती टनाचा बसवायचा? हा प्रश्न नकाशा उघडण्याआधी विचारावा. टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे, एवढे ठाऊक असलेला माणूस आपल्या बैठकीत तज्ज्ञ ठरतो. (हे माप बर्फाच्या कारखान्यांच्या काळातले आहे. टनभर बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता ओढून घेतो तितकी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॅट. बर्फ गेला, टन राहिला.) उत्तर काढण्याची रूढ पद्धत अशी: पावले टाकून खोली मोजावी, शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन धरावा, शेजारच्या कॉम्प्लेक्सने किती बसवले ते त्यांच्या वॉचमनकडून काढावे आणि त्यात दोन मिळवावेत. यापुढेही शंका उरली तर मेहुण्याला विचारावे. प्रत्येकाचा एक मेहुणा वाळूजला कामाला असतो आणि त्याच्या कंपनीत फार मोठा प्लांट असतो.

हीट लोड काढणे ही दुसरी पद्धत, पण ती भांडणे लावते. समजा तिसऱ्या मजल्यावर ‘नीट’चा क्लास आहे. गप्प बसलेला माणूससुद्धा शंभर-सव्वाशे वॅट उष्णता सोडत असतो. साठ पोरे एका खोलीत कोंबली की दोन टन नुसत्या पोरांनाच लागतात. दिवे, प्रोजेक्टर, पश्चिमेची काच आणि घसा ताणून शिकवणारे सर वेगळे. बरोबर खालच्या मजल्यावर तेवढ्याच मापाचे वकिलांचे ऑफिस: एक वकील, एक कारकून, भिंतभर कायद्याची पुस्तके आणि दुपारी कोर्टात गेल्यामुळे रिकामी खुर्ची. फुटपट्टीच्या हिशोबाने दोघांना टन सारखेच. मग वर पोरे वहीने वारा घेत मॉक टेस्ट देतात आणि खाली कारकून भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून वकालतनामे टाइप करतो. न्याय झाला असे वरकरणी दिसते, आणि व्यापारी संकुलात तेवढे पुरते.

जास्त टन घेतले तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. उन्हाळ्यात फारसे नाही. जुलैत कळते. गरजेपेक्षा मोठा एसी खोली चटकन गार करतो, बंद पडतो, पुन्हा चालू होतो. हवेतला दमटपणा काढायला त्याला सवडच मिळत नाही. मग खोली गारही असते आणि चिकटही, आणि फाइलींना वास येतो. एसीचा जन्मच मुळी या दमटपणापायी झाला. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात हवेतल्या ओलाव्याने कागद ताणायचा आणि रंग एकावर एक बसायचे नाहीत, म्हणून विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने पहिली यंत्रणा आखली. माणसांना गार वाटावे हा त्यात हेतू नव्हता. ही परंपरा आपल्याकडे एटीएमच्या खोल्यांनी निष्ठेने पाळली आहे.

यंत्रणेचे प्रकार अनेक, पण गाळे विकून मोकळ्या झालेल्या इमारतीपुढे खरा पर्याय एकच असतो: ज्याचा त्याचा स्प्लिट. कारण सामाईक काहीही घ्यायचे तर गाळेधारकांचे एकमत लागते. स्प्लिटचे आउटडोअर कुठे टांगायचे याचा विचार नकाशात करू नये, ते नंतर आपापली जागा शोधतात. साधारणपणे मागच्या बोळात, एकाच्या डोक्यावर दुसरे अशी त्यांची उतरंड लागते. पहिल्या मजल्याच्या आउटडोअरने फेकलेली गरम हवा दुसऱ्याचे आउटडोअर आत ओढते, आणखी तापवून वर सोडते, ती तिसऱ्याला मिळते. बाहेर एक्केचाळीस असताना तिसऱ्या मजल्याच्या यंत्राभोवती पन्नाशीच्या घरातली हवा घुटमळत असते. चारच्या सुमाराला त्याचा दाब वाढतो आणि ते ट्रिप होते. क्लासचे सर खिडकीतून ‘मामा!’ अशी हाक मारतात. मग वॉचमनमामा गच्चीवर जातात, कठड्यावरून वाकतात आणि बादलीभर पाणी नेम धरून आउटडोअरवर ओततात. चर्र आवाज होतो, जाळीतून वाफेसारखे काहीतरी निघते, पाच मिनिटांनी यंत्र पुन्हा घरघरू लागते. आपल्या हवेला काय मानवते हे इमारतीत फक्त मामांना कळलेले आहे, पण त्यांना बैठकीला बोलावण्याची पद्धत नाही.

साड्यांच्या मोठ्या दुकानासाठी डक्टेबल घ्यावा. त्याचा थर्मोस्टॅट गल्ल्याच्या वर बसवावा, म्हणजे शेठजींना गार वाटले की अख्खे दुकान गार झाले असे यंत्र समजते. ट्रायल रूमचा प्रश्न गिऱ्हाइकाने सोडवायचा. पैसा असेल तर व्हीआरएफ घ्यावा: गच्चीवर मोजकी मोठी यंत्रे, तिथून तांब्याचे पाइप मजल्या-मजल्यावर, जिथे जेवढी गरज तेवढाच गॅस जातो, अर्धी इमारत रिकामी असेल तर वीजही त्या मानाने कमी लागते. गुण खरे आहेत. दोषही सांगून ठेवतो: पाइपचा एखादा जोड फॉल्स सीलिंगच्या आत, नेमका दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर गळू लागला की तो शोधायला छत उचकटावे लागते, आणि सॉफ्टवेअरने काढलेली बिलाची वाटणी कोणत्याही गाळेधारकाला आजवर पटलेली नाही.

आता पाण्याकडे येतो. या शहरात एसी निवडण्यातली खरी गंमत इथेच आहे.

आपला उन्हाळा कोरडा. मुंबईच्या माणसाला घामाने चिंब करणारी हवा इथे नसते. इथे ओठ फुटतात. अशा हवेत पाणी उडून जाताना भरपूर उष्णता घेऊन जाते. म्हणून तर आपल्या प्रत्येक घरात वाळ्याच्या नाहीतर गवताच्या ताट्या लावलेला कूलर घोंघावतो. एक्केचाळीसची कोरडी हवा चांगल्या कूलरमधून सव्वीस-सत्ताविसापर्यंत उतरू शकते आणि विजेचा खर्च एसीच्या मानाने नगण्य. मोठ्या शेडना, मंगल कार्यालयांना डक्टचे मोठे कूलर एप्रिल-मेमध्ये झकास चालतात. जून लागला की तेच यंत्र घामाचा कारखाना होते, ही त्याची मर्यादा. मोठ्या इमारतीसाठी पाण्यावर चालणारा चिलर आणि गच्चीवर कूलिंग टॉवर ही याच तत्त्वाची श्रीमंत आवृत्ती. हवेवर गार होणाऱ्या चिलरपेक्षा तो टनामागे बरीच कमी वीज खातो. विज्ञान म्हणते, संभाजीनगरने पाण्यानेच गार व्हावे.

आणि नळ म्हणतो, पुढच्या आठवड्यात बघू.

शंभर टनांचा असा चिलर पुऱ्या ताकदीने दहा तास चालला, तर टॉवरमधून साडेसहा-सात हजार लिटर पाणी निव्वळ हवेत उडून जाते. क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावे लागते ते वेगळे, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षारांना तोटा नाही. म्हणजे रोज एक टँकर फक्त आभाळाला पाजायचा. जायकवाडीहून येणाऱ्या पाण्याची वाट पाहत ज्या शहरात बायाबापड्या मध्यरात्री ड्रम लावून बसतात, तिथे हे कोणाच्या तोंडाने सांगायचे? बैठकीत एखादा शहाणा तरुण सांडपाणी शुद्ध करून टॉवरला वापरा असे सुचवील. सूचना बिनतोड आहे, मोठ्या इमारतींत असे करतातही. पण तळमजल्याचे सराफ ‘ते पाणी आमच्या डोक्यावर फिरणार का?’ असे विचारतील आणि विषय पुढच्या बैठकीवर जाईल.

याच शहरात चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणली होती. पाणचक्कीला तर डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून येऊन चक्की फिरवून हौदात पडते, आणि त्या लांबलचक हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. डोक्यावर पाणी साठवून खालचे दालन गार ठेवायचे, अशी ही योजना. अभ्यास म्हणून समितीने तिथे सहल जरूर काढावी, फोटो काढावेत. पण या यंत्रणेला रिमोट नाही, स्टार नाहीत आणि तिचे कोटेशन कोणी देत नाही, त्यामुळे तीन कोटेशनांच्या नियमात ती बसत नाही.

विजेचे थोडक्यात. मंजूर भार विचारून घ्यावा, मग तो विसरावा. मे महिन्यात सगळे कॉम्प्रेसर एकदम सुरू झाले की डीपीच आठवण करून देते. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा बचतीची केंद्राची संहिता 2007 मध्ये आली, 2017 मध्ये सुधारली. तिच्यात काचेपासून चिलरपर्यंत सगळ्याचे हिशोब आहेत. ती 100 किलोवॅटपासून पुढच्या जोडभाराला लागू होते हे वाचताच आपल्या इमारतीचा भार 99 कसा दाखवता येईल यावर समितीचे सर्वांत उत्साही काम होते. काचेवर इतका वेळ दिला असता तर भार खरोखरच 99 झाला असता.

बसवून झाल्यावर रिमोटवर 16 लावावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2020 पासून नव्या एसींचा सुरुवातीचा आकडा 24 ठरवून दिला आहे आणि एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ते सांगतात. पण साधा एसी 16 वर लावल्याने खोली लवकर गार होते, हा आपल्याकडे श्रद्धेचा विषय आहे. ती तेवढ्याच वेगाने गार होते, फक्त नंतर थांबत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात मेकॅनिक येईल. तो आउटडोअरवर हात ठेवील, डोळे मिटील आणि म्हणेल, ‘गॅस कम है, साब.’ त्याला विचारू नये की बंद पाइपातला गॅस गेला कुठे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती बुजवल्याशिवाय भरलेला गॅसही जाणारच. पण हे विचारले की गळती शोधावी लागते, फॉल्स सीलिंग उघडावे लागते. फिल्टर धुऊन बघू का, असेही सुचवू नये. गॅस भरून घ्यावा, तीन महिने गार वाटेल, तोवर पावसाळा येतो.

शेवटी वार्षिक बैठक. मेंटेनन्सच्या हिशोबात ‘टँकर, एप्रिल ते जून’ या रकमेवर दुसऱ्या मजल्याचे वकील बोट ठेवतील: पिण्याला इतके पाणी लागलेच कसे? मामांना बोलावले जाईल आणि बादल्यांचा हिशोब बाहेर येईल. हे पाणी ज्याच्या यंत्रावर ओतले त्या क्लासने सोसावे, की ज्याची गरम हवा वर जाते त्या पहिल्या मजल्याच्या पॅथॉलॉजी लॅबने, यावर मतभेद होतील. अशा वेळी उपसमिती नेमावी. तिची बैठक तळमजल्याच्या बँकेत, शाखा व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये ठेवावी; तिथे बऱ्यापैकी गार असते आणि बिल त्यांचे हेड ऑफिस भरते.