हे खरे आहे काय?

आमच्या तालुक्याचे आमदार भाऊ घरात चहा मागतात, तेव्हाही त्याला पोटकलमं असतात. "सकाळचे साडेसात वाजूनही चहा आलेला नाही, हे खरे आहे काय? असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आतून वहिनींचं उत्तर तितक्याच थंडपणे येतं, "हे अंशतः खरे आहे. दूध तापत आहे." मग चहा येतो. भाऊ घोट घेतात आणि साखरेबद्दल उपप्रश्न विचारतात. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून वहिनींचं त्यावर एकच उत्तर ठरलेलं आहे: "प्रश्न उद्भवत नाही."

विधानसभेच्या २८८ आमदारांत नाना तऱ्हा असतात. कुणी भूमिपूजनाचा, कुणी कुस्त्यांच्या दंगलीचा, कुणी नुसताच बॅनरवरचा. त्यांत दहा-पाच तरी भाऊंच्या जातकुळीचे निघतात. पक्ष कोणताही असो, ही माणसं प्रश्न विचारतात. त्यातही भाऊंचा जीव अडकला आहे तो अंगणवाडीत. इतर आमदारांच्या गाडीच्या डिकीत शाली, श्रीफळं आणि हारतुरे असतात. भाऊंच्या डिकीत वजनाचा काटा, फायलींची तीन गाठोडी आणि घरपोच आहाराची पाकिटं असतात. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी दंडघेराची तिरंगी पट्टी. सहा महिन्यांवरच्या पोराच्या दंडाला ती गुंडाळायची; साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरलं तर लाल, साडेबाराच्या आत पिवळं, वर गेलं तर हिरवं. भाऊ लाल दिव्याच्या गाडीत कधी बसले नाहीत, पण पट्टीवर लाल दिसलं की त्यांची झोप उडते.

त्यामुळे बारशाला भाऊंना बोलावणं जरा जोखमीचंच. पाळण्यातून बाळ उचलून त्यांच्या हातात देतात, फोटोग्राफर "भाऊ, इकडं बघा" म्हणून ओरडतो, आणि भाऊ बाजारातल्या जुन्या अडत्यासारखे बाळ वरखाली तोलत असतात. "जन्माचं वजन किती होतं?" बाळाची आजी म्हणते, "असं पोराचं वजन पुसू नये भाऊ, नजर लागते." भाऊ म्हणतात, "नजरेचं मी पाहतो. अडीच किलोच्या वर होतं का नाही, ते सांग." आजी मुकाट्यानं कार्ड आणायला आत जाते. निघताना भाऊ पाळण्यात शंभराची नोट ठेवतात आणि सुनेच्या हातात लोहाच्या गोळ्यांची आठवण.

कुठल्याही गावात भाऊ शिरले की कार्यकर्ते मंदिराच्या सभामंडपाकडे बघतात, भाऊ अंगणवाडीकडे वळतात. "ताई, आज काय शिजलं?" असं म्हणत पातेल्यातली चमचाभर उसळ हातावर घेऊन खातात. सुरुवातीला सेविका त्यांना बघून थरथर कापायच्या. आता भाऊंची गाडी दिसली की ताई आधी छताकडे बोट दाखवतात, मग मोबाईलकडे. "भाऊ, ॲप उघडतच नाही. लेकरू समोर बसलं आहे, फोटो घ्यायला गेलं की गोल गोल फिरत राहते." पोषण ट्रॅकर हे ॲप आलं त्या २०२१ सालीच राज्यभरातल्या अंगणवाडीसेविकांनी बिघडलेले सरकारी मोबाईल परत करायचं आंदोलन केलं होतं. भाऊ तेव्हा कौतुकानं म्हणाले होते, "आमदारायनं राजीनामे परत घेतल्याचं ऐकलं होतं; सरकारचं सरकारले परत देनं या बायायनं शिकवलं."

घरपोच आहाराची पाकिटं बकऱ्या खातात, ही तक्रार महाराष्ट्रात जुनी. त्यावर भाऊंनी एकदा जालीम उपाय काढला. आढावा बैठकीला आलेल्या अधिकाऱ्यांना घरी जेवायला बोलावलं आणि ताटात तीच पाकिटं शिजवून वाढली. वहिनी आग्रह करत होत्या, "घ्या ना साहेब, अजून एक वाटी." साहेब वाटीकडे बघत होते. भाऊंनी खेळीमेळीनं विचारलं, "आहार चविष्ट आहे, हे खरे आहे काय?" एका धाडसी साहेबांनी "तपासून पाहण्यात येईल" असं म्हणून ताकाचा पेला उचलला.

कार्यकर्त्यांचा जीव मात्र यात मेटाकुटीला येतो. लोकांना डीपी पाहिजे, पांदण रस्ता पाहिजे, एसटी वेळेवर पाहिजे. भाऊ तेही विचारतात, पण कुठूनही निघाले तरी अंगणवाडीवरच पोचतात. पांदण रस्ता का करायचा? पावसाळ्यात चिखलातून लेकरं येत नाहीत म्हणून. डीपी का पाहिजे? अंगणवाडीतला पंखा फिरत नाही म्हणून. मागल्या निवडणुकीच्या आधी एका बूथप्रमुखानं तोंड उघडलंच, "भाऊ, सहा वर्षांखालच्याले मत नाही." भाऊ म्हणाले, "त्याच्या मायले हाये ना." बूथप्रमुखानं मायचं मत गृहीत धरलं होतं. गणित त्याला पुन्हा मांडावं लागलं.

भाषणात भाऊंचा एक परिच्छेद ठरलेला आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत आपल्या मेळघाटातलं धारणी होतं, आणि तरीही मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या आपण अजून वाचतो. हा परिच्छेद आला की मागच्या रांगेतले कार्यकर्ते ओठांनी सोबत करतात. त्यानंतर आठ रुपये येतात. "२०१७ साली केंद्रानं एका लेकराच्या दिवसाच्या आहाराचा दर ठरवला आठ रुपये. त्यातून पाचशे कॅलरी आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनं द्यायची. नाक्यावर कट चहा दहाला भेटते!" इथं टाळ्या पडतात. भाऊंना त्या आवडत नाहीत, असंही नाही.

अधिवेशन जवळ आलं की भाऊंच्या घरी परीक्षेचं वातावरण असतं. रात्री बैठकीच्या खोलीत फायली पसरतात. अमरावती पदवीधर मतदारसंघाचे बी. टी. देशमुख विधान परिषदेत विदर्भाच्या अनुशेषाचा हिशेब आकड्यानिशी मांडायचे. भाऊ त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. "बी. टी. सरांसमोर मंत्री उत्तर वाचायच्या आधी पाणी प्यायचे," असं ते नव्या पोरांना सांगतात. मग 'उक्त प्रकरणी', 'तदनुसार', 'नसल्यास' अशा मोळ्या बांधत प्रश्न तयार होतो. त्यात 'उक्त' विसरला तर भाऊंना जेवण जात नाही.

एवढं करून प्रश्न पटलावर येतो तो मागच्या क्रमांकावर. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे पुरता एक तास. त्यात थोडेच प्रश्न पुकारले जातात. भाऊंचा नंबर जवळ येतो, तेवढ्यात त्यांच्याच पक्षाचे सदस्य कुठल्याशा कारणानं वेलमध्ये धावतात. पक्षादेश म्हणून भाऊही उतरतात. तोंडानं घोषणा देतात, "नाही चालणार, नाही चालणार," आणि डोळे घड्याळावर. सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब होतं. मग पुन्हा दहा मिनिटांसाठी. पक्ष सत्तेत असला तर दुखणं निराळं. मंत्री जवळ येऊन खांद्यावर हात ठेवतात, "भाऊ, आपलेच ना तुम्ही? सभागृहात कशाला, दालनात या. बैठक लावतो." भाऊंच्या एका गाठोड्यावर मोठ्या अक्षरात 'बैठक लावतो' असंच लिहिलेलं आहे. तिन्हींत ते सगळ्यात जाड आहे.

आम्ही बातमीदार मंडळी या सगळ्याला बरीच वर्षं हसत आलो. एकदा भाऊंच्या प्रश्नाचं छापील उत्तर हाती आलं. अमुक गावच्या अंगणवाडीचं छत गळतं आणि मुलांना दोन महिने देवळात बसवलं जातं, हे खरे आहे काय? उत्तर: हे खरे नाही. पुढच्या तिन्ही भागांना: प्रश्न उद्भवत नाही. चांगली बातमी होती, आमदार तोंडघशी. खात्री करावी म्हणून गावात गेलो, तर छतावर नवे कोरे पत्रे. ताई हसत होत्या. त्यांनी सगळी कथा सांगितली. प्रश्न मंत्रालयात पोचला, तिथून नवी मुंबईच्या आयुक्तालयात, तिथून जिल्हा परिषदेत, मग बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. त्यांनी पर्यवेक्षिकेला फोन केला, पर्यवेक्षिका रिक्षा करून गावात आली. फाईलवर अडलेले पत्रे चार दिवसांत चढले. मग फोटो वर गेले, आणि 'हे खरे नाही' असं लिहायला सगळे मोकळे झाले.

राज्यात अंगणवाड्या लाखाच्या वर, प्रकल्प ५५३. एका आमदाराच्या प्रश्नानं त्यातलं किती हलणार, हा हिशेब भाऊंनाही कळतो. बंगल्यावर जाऊन मी त्यांना उत्तराचा कागद दाखवला. म्हटलं, "भाऊ, सरकारनं तुमचा प्रश्न खोटा ठरवला."

"खोटा ठराव म्हणूनच तं विचारला होता ना बाप्पा," भाऊ म्हणाले आणि चष्मा पुसून त्यांनी दुसरा कागद माझ्यापुढं सरकवला. शेजारच्या गावात अंगणवाडीचा संडास बांधून झाला होता, पण पाण्याची जोडणी नव्हती. "तू पत्रकार आहेस, शुद्धलेखन तेवढं पाहून दे. आणि तिसऱ्या ओळीत 'उक्त' घातला का मी, ते बघ."

मी पाहिलं. घातला नव्हता.