जिथून उचलले, तिथेच परत

मांजर आपल्या पिल्लांना सात घरं दाखवतं, हे तुम्हीही लहानपणापासून ऐकत आला असाल. आमच्या मजल्यावर घरं चारच. उरलेल्या तीन घरांची सोय कुठून झाली? एक माझा माळा, दुसरं एसीच्या बाहेरच्या युनिटमागची फट आणि तिसरं माझ्या स्कूटरचं कव्हर. तिन्ही मालमत्ता माझ्या. त्यांचा मेंटेनन्सही मीच भरतो. तक्रार नाही, फक्त नोंद असावी म्हणून सांगतो.

मूळ लाभार्थी एकच, एक कबरी मांजरी. आली तेव्हा एकटी होती, अंग चोरून जिन्याखाली बसायची. पण मांजरीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा, साधारण ६३ ते ६५ दिवस. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. तिची लेक चार-पाच महिन्यांची झाली, की तीही संसाराला मोकळी. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, असंही पशुवैद्यांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

विषय वार्षिक सभेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात आला. एका गटाचं म्हणणं, सगळी पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून या. दुसऱ्या गटात एक निवृत्त वकील आहेत. त्यांनी उभं राहून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगितला. मग प्राणिमात्रांविषयी दयाभाव हे घटनेनेच घालून दिलेलं मूलभूत कर्तव्य असल्याचं सुनावलं. स्कूटरधारकांविषयी घटना मौन बाळगते, हे मला त्याच रात्री कळलं. शिवाय मांजरं नुसती उचलून उपयोग नसतो म्हणे. खाणं आणि आडोसा तिथेच राहिला, की रिकाम्या जागेवर नवी मांजरं येतात. म्हणून पकडायचं, शस्त्रक्रिया करायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. भटक्या कुत्र्यांसाठी हे तत्त्व २००१ च्या नियमांत लिहिलेलंच होतं. मुंबईत २०१९ पासून पालिकेने मांजरांचंही निर्बीजीकरण हाती घेतलं. मग आमच्या सोसायटीने मागे का राहावं? ठराव एकमताने मंजूर झाला. माझं मत धरलं होतं की नाही, ते इतिवृत्तात नाही.

अंमलबजावणीसाठी पिंजरा एका प्राणिमित्र संस्थेकडून उसना आला आणि बाकी सगळं माझ्याकडून गेलं. आमिष म्हणून माझ्या ताटातली तळलेली मांदेली. पकडलेलं मांजर अंधारात शांत राहतं, म्हणून पिंजऱ्यावर घालायला माझी सोलापुरी चादर. मला पावसाळ्यात हवी असते, हा मुद्दा सचिवांनी ‘नोंद घेतली’ म्हणून निकाली काढला.

भूल द्यायची असते, त्यामुळे आदल्या रात्रीपासून मांजर उपाशी हवं. हे पहिल्या मजल्यावरच्या आजींना कोण सांगणार? त्या पिंजऱ्याच्या जाळीतूनही दूध घालतात. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, हे पशुवैद्यांनी त्यांना दोनदा समजावलं. आजी म्हणाल्या, “आमच्या माहेरी पचायचं.” न पचलेल्या दुधाचा निकाल माझ्या पायपुसण्यावर लागतो.

शस्त्रक्रिया झाली की भुलीतच कानाचं टोक सरळ कापतात. ही खूण लांबूनही दिसते, त्यामुळे तेच मांजर पुन्हा टेबलावर जात नाही. एकदा कापलेला कान जन्मभर चालतो. मला मात्र मी जिवंत असल्याचा दाखला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन नव्याने द्यावा लागतो, आणि गेल्या वर्षी तर अंगठा जुळेना. आमची कबरी तर कान कापलेला असूनही पिंजऱ्यात परत परत शिरते. तिला मांदेली आवडते. मग तिला सोडायचं, आणि नवी मांदेली तळायची.

बोक्याचं वेगळंच. पूर्वी तो रात्रभर बाहेर भांडत असायचा. भिंतीवर फवारे मारायचा, पहाटे रक्तबंबाळ होऊन यायचा. म्हणजे निदान घरी नसायचा. आता भांडणं थांबली, भटकणं थांबलं, फवारेही गेले. चोवीस तास माझ्या स्कूटरच्या सीटवर असतो आणि अंगाने भरला आहे. मी किल्ली लावली की एक डोळा उघडून बघतो. यंदा सोसायटीत एकही नवं पिल्लू नाही. वार्षिक अहवालात त्याचं श्रेय सचिवांना दिलं आहे. माझा उल्लेख चादरीच्या संदर्भात येतो.

इथवर मी सहन केलं. मे महिन्यात मी गावी गेलो होतो. त्याच सुमारास शेवटची एक काळी मांजरी शस्त्रक्रियेला गेली. टाके भरेपर्यंत ती दवाखान्यात राहिली आणि मग बी विंगच्या जिन्याखाली, तिसऱ्या पायरीशी, चादर दूर करून सन्मानाने सोडली गेली. कोणी तिची पायरी दुसऱ्याला दिली नव्हती. मी परत आलो, तर माझ्या पार्किंगमध्ये कोणाच्या तरी जावयाची गाडी. स्कूटर बोक्यासकट ढकलत नेऊन पाण्याच्या टाकीमागे लावलेली. विचारलं तर सचिव म्हणाले, “तुम्ही नव्हता ना, काका.”

मी रीतसर लेखी अर्ज दिला. सोसायटीने स्वतःच मंजूर केलेल्या तत्त्वानुसार, जिथून गेलो तिथेच मला परत सोडण्यात यावं. एवढीच मागणी. उत्तर आलं, शिक्क्यासह: ‘सदर तरतूद केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांना लागू आहे.’

मी माझ्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची संपूर्ण फाइल, सोनोग्राफीसकट, जोडून फेरअर्ज केला आहे. कार्यकारिणीत त्यावर चर्चा झाल्याचं कळतं. एका सदस्याने आक्षेप घेतला की अर्जदाराचे दोन्ही कान शाबूत आहेत.