पानवैद्यकी : फक्त शनिवार-रविवार

कर्जत-खालापूर पट्ट्यात जागा घेतली की सातबाऱ्याबरोबर वनस्पतिवैद्यकीची पदवी आपोआप मिळते, असा आमच्या भावोजींचा समज आहे. दर शनिवारी ते डोंबिवलीहून कर्जत लोकलने येतात ते रोपांना तपासायलाच. त्यांच्या पद्धतीचे शास्त्र पुढीलप्रमाणे.

प्रथम, रोपाला हात न लावता फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकावा. मावशी 'बुरशी' म्हणतील, काका 'नजर'. दोन्ही मतांचा मान राखून पाणी घालावे.

पान पिवळे झाले की पाणी. आणखी पिवळे झाले की आणखी पाणी. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तरी भावोजी जुलैत छत्री धरून झारी रिकामी करतात! अहो, आधी मातीत दोन पेरं बोट घाला. ओलं लागलं तर कुंडीखालचं भोक बघा. ते मातीने बुजलेलं असतं. मुळं गुदमरली की पान पिवळं पडणारच. खालची जुनी पानं पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी. कोवळी पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह. आणि रोप नर्सरीच्या काळ्या पिशवीसकट कुंडीत ठेवायचं नसतं हो!

आंब्याच्या कलमाला तांबूस पालवी आली की औषध फवारू नये. पालवी तशीच असते.

लिंबाच्या पानावर पाखराची शीट दिसली तर काडीने हलकेच डिवचावे. नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडला, तर ती अळी. तिचे फुलपाखरू होते हे कळल्यापासून भाचीने कढीपत्त्याचे एक रोप अळ्यांच्या नावावर करून दिले आहे, आणि भावोजींनी त्यावर फवारणी बंद ठेवली आहे. माणूस वाईट नाही.

कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर पान उलटून बघावे : मावा किंवा पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरदार धारेने धुवावे, मग निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी. भावोजी भर दुपारी फवारतात, कारण मटण शिजेपर्यंत त्यांना दुसरे काम नसते.

कर्जतला कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. तिथे काढलेले 'कर्जत' नावाचे भाताचे वाण शेतकरी लावतात. भावोजींना तिथे आपला अडेनियम दाखवायचा आहे.

रविवारी परतीच्या लोकलला निघताना ते बजावतात, "रोज पाणी घाल रे." मी मान डोलावतो आणि शुक्रवारपर्यंत झारीला शिवत नाही. शनिवारी हिरव्यागार पानांचा फोटो ग्रुपवर जातो, खाली भावोजींचे नाव.