दीड दिवसाची बहीण

मुंबईकडच्या कोकणी माणसाचं नवं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही आणि एक जानेवारीलाही नाही. गणपतीच्या गाड्यांचं रिझर्व्हेशन ज्या सकाळी उघडतं, त्या सकाळी ते सुरू होतं. आठला खिडकी उघडते आणि चहा निवायच्या आत कोकणकन्या, मांडवी, तुतारी अशा सगळ्या वेटिंगवर जाऊन बसतात. आमच्या घरात हा सण दादा साजरा करायचा. १ मे १९९८ ला कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली आणि त्याच वर्षी दादाने आमच्या खानदानाची तिकिटं काढण्याचं काम स्वतःला अर्पण करून घेतलं. त्याआधी आम्ही गावाला एसटीने जायचो. कशेडीच्या घाटात लिंबू हुंगत बसायचं आणि चिपळूण आलं की माणसात यायचं.

पुढे तिकिटं फोनवर निघायला लागली, तरी दादाचा खिडकीवर विश्वास. म्हणजे एक माणूस डोंबिवली स्टेशनच्या रांगेत, स्वतः दोन फोन घेऊन सोफ्यावर, पोरगा लॅपटॉपवर आणि वहिनी देवापुढे. २०२४ च्या नोव्हेंबरात रेल्वेने १२० दिवस आधीचं रिझर्व्हेशन ६० दिवसांवर आणलं तेव्हा त्याने मला मुद्दाम फोन केला. म्हणाला, "चार महिने आधीपासून खूश राहायची सोय होती, तीसुद्धा निम्म्यावर आणली बघ यांनी."

त्यानंतरच्या वैशाखात तो गेला. आजारपण थोडक्यात आटोपलं. त्याबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही. हॉस्पिटलातले दिवस सगळ्यांच्या घरचे सारखेच असतात.

सांगण्यासारखं आहे ते सुतकाचं. वहिनीला आणि भाच्याला दहा दिवस, यात कुणाला शंका नव्हती. माझं काय, असं कुणीतरी विचारलं आणि गुरुजींनी पंचांग काढलं. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन प्रकारचं निघालं. भाऊ तिच्या घरी गेला असेल तर तीन दिवस. त्याच्या स्वतःच्या घरी गेला असेल तर पक्षिणी, म्हणजे साधारण दीड दिवस. आणि तो परगावी गेला असेल तर एकच दिवस. आता मी ठाण्याची, दादा डोंबिवलीचा. ठाणे आणि डोंबिवली हे एक गाव की दोन?

भर दुःखात आमच्याकडे या प्रश्नावर जी चर्चा झाली, तिला तोड नाही. चुलतभाऊ म्हणाला, जिल्हा एक, लोकल एक, गाव एकच धरा. आमच्या यजमानांचं म्हणणं, महापालिका दोन आहेत आणि मधे पारसिकचा बोगदा आहे, तेव्हा गावं दोन. एका मावसबहिणीने खाडीचा मुद्दा काढला. पाणी ओलांडलं की परगाव, असं तिच्या सासरी मानतात. गुरुजींनी ठाण्याहून डोंबिवलीला यायला किती वेळ लागतो ते विचारलं. त्यावर कोपऱ्यातून कुणीतरी "फास्ट की स्लो?" असं म्हणालं आणि भाच्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. शेवटी दीड दिवसावर तडजोड झाली. या वादात खरी भर घालू शकेल असा घरात एकच माणूस होता, ज्याला मध्य रेल्वेचं टाइमटेबल पाठ होतं, आणि त्याच्यामुळेच तर आम्ही जमलो होतो.

दीड दिवस! दीड दिवसाच्या गणपतीलासुद्धा लोक वाजतगाजत पोचवायला जातात.

पंचांगाला तरी काय बोल लावायचा? पुढे महिनाभर जो भेटेल तो मला विचारायचा, वहिनी कशा आहेत? आईंनी कसं घेतलं? मुलगा नोकरीला लागला ना? मी सगळ्यांना नीट उत्तरं द्यायचे. वहिनी जेवते थोडंफार, आई पोथी वाचते, मुलगा लागलाय, बाणेरला असतो. बायकोचं दुःख, आईचं दुःख, मुलाचं दुःख यांची तिकिटं कन्फर्म असतात. भावंडांचं दुःख कायम वेटिंगला. त्यात कुणाची चूक आहे असंही मला वाटत नाही. मीसुद्धा आजवर कुणाकडे भेटायला गेले तर थेट आत जाऊन बाईंपाशी बसले आहे. बाहेर चपला नीट लावत उभ्या असलेल्या भावाकडे कोण बघतं?

आणि भावंडांना मुळात सगळं निम्मंच मिळायची सवय असते. आमच्या वडिलांचा कायदा होता की एकाने कापायचं आणि दुसऱ्याने उचलायचं. गावाहून आंब्याची पेटी आली की दादाच्या हातात सुरी आणि मला पहिली निवड. कायद्यात अन्यायाला जागा नाही असं वडिलांना वाटायचं. दादाने पहिल्याच वर्षी जागा शोधून काढली. एक फोड तो मुद्दाम थोडी मोठी कापायचा, मी लगेच ती उचलायचे, आणि मग बाठा कुणाचा हा प्रश्न आला की, "हिला मोठी फोड मिळाली, बाठा माझा." बाठ्याला किती गर असतो हे मला कळेपर्यंत तो कॉलेजात गेला होता.

मोठेपणी ही वाटणी रेल्वेने चालू ठेवली. एका वर्षी आम्हा दोघांना मिळून एक आरएसी मिळाली. आरएसी म्हणजे बाजूचा खालचा बाक दोघांत. झोपायचं तर दोघांनी समोरासमोर पाय करून, नाहीतर रात्रभर बसायचं. दादाने पाय लांब केले ते थेट माझ्या बरगडीत. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मी म्हटलं, पन्नाशीचा झालास, मोजे तरी धड घाल. तो म्हणाला, भोक तुझ्या बाजूला आहे, मला काय त्रास? मग पनवेल सुटल्यावर त्याने डबा उघडला. वहिनीने दशम्या, लसणाची चटणी आणि कोरडी बटाट्याची भाजी दिली होती. दशम्या मोजल्या तर विषम निघाल्या. शेवटची त्याने मधोमध मोडली, दोन्ही तुकडे दिव्याच्या उजेडात धरून बघितले आणि म्हणाला, "मी मोडली, तू उचल." मी यावेळी छोटा तुकडा उचलला. त्याला ते इतकं लागलं की रोहा येईपर्यंत तो बोलला नाही.

गावच्या गणपतीखेरीज आमच्या घराण्याने फारसा प्रवास केलेला नाही. बेत मात्र अमाप केले. पंगत उठायच्या बेतात असली, ताकभात झाला, पण कुणी हात धुवायला उठत नाही, उष्टे हात वाळून कडक होतात, अशा वेळी आमच्याकडे भारतभ्रमण व्हायचं. अंदमानला जाऊन सेल्युलर जेल बघायचा. काशीला आईला न्यायचं. कन्याकुमारी तर बेळगावच्या पुढे लगेच असावी असं दादा बोलायचा. तो हे सगळं बँकेच्या एका जुन्या डायरीत लिहून ठेवी: गाडी, भाडं, कोण येणार, कोण ऐन वेळी गळणार.

त्यातला हंपीचा बेत सर्वांत जुना. तिथे विठ्ठलाचं मोठं देऊळ आहे आणि देवळापुढे दगडी रथ. विजयनगरच्या राजाने पंढरपूरचा विठोबा तिकडे नेला आणि भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, तो परत आणला अशी आपल्याकडची कथा. दादा म्हणायचा, "विठोबा जाऊन परतसुद्धा आला आणि आपलं अजून होस्पेटपर्यंतचं तिकीट ठरेना." २०१७ मध्ये पन्नासची नवी नोट निघाली, तिच्या मागे नेमका तोच रथ. त्या वर्षीच्या भाऊबीजेला ओवाळणीच्या पाकिटात इतर पैशांबरोबर एक कोरी पन्नासची नोट आली. "हा हंपीचा ॲडव्हान्स," म्हणाला. पुढे दरवर्षी तशी एक नोट यायची. मी त्या वेगळ्या ठेवलेल्या नाहीत. भाजीवाल्याला सुटे द्यायला पन्नासच्या नोटेसारखं दुसरं काही नाही.

यंदा गणपतीला जायचं की नाही, यावर पुन्हा घरात दोन पक्ष पडले. सुतक कधीच फिटलं होतं, पण वर्ष झालं नव्हतं. आईने विषय संपवला. म्हणाली, तो पाहुणा आहे, दरवर्षी येतो. यंदा येऊ नको असं त्याला कोण सांगणार? तिकिटं भाच्याने काढली. बाणेरमध्ये बसून, एका फोनवर, दात घासता घासता, आणि सगळीच्या सगळी कन्फर्म. आम्हाला हे झेपेना. रोज किती नंबर सरकला हे बघायचं नाही, चार्ट लागेपर्यंत जीव टांगणीला लावायचा नाही, मग साठ दिवस करायचं काय?

गावाला गेल्यावर घर नेहमीसारखं भरलं. चतुर्थीला मोदक. काकीच्या हाताखाली आम्ही सगळ्या; आंबेमोहोराची पिठी, उकडीला तुपाचा हात, पारी जितकी पातळ तितकं सुनेचं नाव मोठं. पहिला घाणा एकवीसचा, तो नैवेद्याचा. थट्टामस्करी दुसऱ्या घाण्यापासून सुरू, कारण आमच्याकडे दुसऱ्या घाण्यातल्या एका मोदकात गूळखोबऱ्याऐवजी मिरचीचा ठेचा असतो. तो कुणाच्या पानात पडेल सांगता येत नाही. हे काम दादाचं. वर्षानुवर्षं तो ठसका लागलेल्या माणसाच्या पाठीवर थोपटत गंभीर चेहऱ्याने "पाणी आणा रे" म्हणायचा आणि सगळे त्याच्या नावाने शंख करायचे. यंदा तो प्रकार नसणार हे सगळ्यांनी न बोलता धरून चाललं होतं. पंगत अंमळ गप्पच होती. केळीच्या पानावर अळूचं फदफदं इकडेतिकडे धावत होतं, डाळिंब्यांची उसळ वाढून झाली होती, मी मोदकाचं नाक मोडून तूप घातलं, एक घास घेतला आणि डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

सगळ्यांना वाटलं मी रडते आहे. वहिनी उठून जवळ आली, काकीने डोक्यावरून हात फिरवला. मला बोलता येईना. मी पानाकडे बोट दाखवलं, त्यातला हिरवा ठेचा दिसला आणि पंगत एकदम थांबली. मग आई शांतपणे म्हणाली, "पाणी आणा रे."

नंतर उलगडा झाला. पहिल्यापासून तो मोदक आईच भरत होती. "त्याला कुठे पारी वळता यायची?" ती म्हणाली. "त्याने एकदा केला तो उकडताना फुटला. मग मीच करायचे. त्याला म्हटलं, तू नाव घे, सासूने असले चाळे केले तर बरं दिसत नाही." लहानपणापासूनचा दादा मला पुरा ठाऊक आहे, त्या मालाची माझ्याइतकी पक्की वहिवाट कुणाची नाही, अशा ऐटीत मी चार महिने वावरत होते. तिथे त्याची सगळ्यांत गाजलेली खोडीच दुसऱ्याच्या नावावर निघाली. रात्री वहिनीशी बोलताना समजलं की तिच्या माहितीतला दादा दशम्या न मोजता खायचा. मला हे अजूनही खरं वाटत नाही.

भाऊबीज आली तसे सल्लेही आले. भाऊ नसेल तर बायका चंद्राला ओवाळतात, तेव्हा तसं कर, असं शेजारच्या आजींनी सांगितलं. पण बीजेची कोर ती. सूर्य मावळला की तासाभराचा तिचा कारभार. आमच्या पश्चिमेला चाळीस मजली टॉवर झालाय, त्याच्या आडून ती कधी येते आणि जाते, कुणाला पत्ता नाही. शिवाय यमद्वितीयेची गोष्ट मला यंदा नव्याने खटकली. यम या दिवशी बहिणीकडे जेवायला जातो. बाकीचे दिवस लोकांचे भाऊ नेणारा हा गृहस्थ स्वतः मात्र पाटावर बसून ओवाळून घेतो, आणि यमुना त्याला एका शब्दाने विचारत नाही! मी असते तर वाढताना विचारलं असतं.

मी ओवाळलं भाच्याला. आत्याने भाच्याला ओवाळावं की नाही यावर गुरुजींना विचारायला नको असं ठरलं, नाहीतर पुन्हा ठाण्या-डोंबिवलीपासून सुरुवात झाली असती. जेवणं झाली, बासुंदीच्या वाट्या चाटूनपुसून झाल्या, पण हात धुवायला कुणी उठेना. मग वहिनीने डाव्या हाताने कपाटातून ती डायरी काढली आणि हंपीचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. थंडीत जायचं, उन्हाळ्यात दगड तापतात. दिवस चार. आईसाठी खुर्ची मिळते का बघणे. चुलतभावाच्या नावापुढे फुली, म्हणजे हा गळणार. वहिनीच्या नावापुढे "लाडू करेल." माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "खिडकी मागेल. देऊ नये."

"हे काय लिहिणं झालं?" मी म्हटलं.

"बरोबरच लिहिलंय," वहिनी म्हणाली. "दर वेळी मागता तुम्ही, वन्सं."

"लाडू करेल हे तरी बरोबर आहे का? तुझा पाक कधी जमलाय?"

भाचा फोन काढून माघातल्या तारखा बघायला लागला होता. आईने, मी खुर्चीत बसून देऊळ बघणार नाही, चालत बघणार, असं जाहीर केलं. चुलतभावाने स्वतःच्या नावापुढची फुली बघितली आणि त्याचा पारा चढला. मी गळणार हे कुणी ठरवलं, माझं पहिलं तिकीट काढा. आमचे यजमान म्हणाले, हंपीपेक्षा आधी काशी करू, आईंचं वय झालंय. आईने त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते हात धुवायलाच गेले. "आत्या, एक साइड लोअर धरू का?" भाच्याने विचारलं. मी म्हटलं, धर, पण खिडकीशी मीच बसणार. त्यावर वहिनीने डायरी परत ओढून घेतली आणि माझ्या नावापुढच्या ओळीखाली पेनाने जाड रेघ मारली.