कट्ट्यावरचा सिलेक्टर

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी पेन्शनर बसतात, डॉक्टरांनी 'रोज चाला' म्हणून सांगितलेले पण चालायचं सोडून टेकलेले बसतात, घरात जागा नसलेली जोडपी बसतात आणि एक सिलेक्टर बसतो. त्याला बीसीसीआयने नेमलेलं नाही. ही बीसीसीआयची चूक आहे, असं तो उघड म्हणत नाही. 'आगरकर याच मैदानावर वाढलेला, एक फोन करायला काय हरकत होती?' एवढंच म्हणतो.

वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी बँकेत, हातात बाराही महिने छत्री. छत्री पावसासाठी नसून फटके दाखवण्यासाठी आहे. खेळण्याचा अनुभव कुणी विचारला, तर 'कांगा खेळलोय' हे दोन शब्द पुरतात. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर आणि गुडघाभर गवतात खेळली जाते. ती खेळलेल्या माणसाला इंग्लंडमधला स्विंग शिकवायला जाऊ नये, असा मुंबईचा अलिखित नियम आहे. त्याच्या वाट्याला तीन मॅच आल्या. दोन पावसाने धुऊन नेल्या आणि तिसरीत तो बारावा होता, हे फक्त पेन्शनर आप्पांना ठाऊक आहे. आप्पा हे शस्त्र जपून वापरतात.

२०२५ चा इंग्लंड दौरा म्हणजे या माणसाचा सुगीचा हंगाम. २० जून ते ४ ऑगस्ट, पाच कसोट्या, पाचही शेवटच्या दिवसापर्यंत गेलेल्या. वेळाही दादरच्या सोयीच्या. दुपारी साडेतीनला खेळ सुरू, साडेपाचला त्यांचा लंच म्हणजे आपला चहा, आठ-सव्वाआठला त्यांचा चहा म्हणजे आपलं जेवण. लंचच्या चाळीस मिनिटांत सिलेक्टर बँकेतून थेट कट्ट्यावर पोचतो आणि सकाळच्या सत्राचा निकाल लावून टाकतो.

मालिकेआधी त्याने दोन तक्रारी नोंदवल्या होत्या. पहिली, सरफराज आणि श्रेयस दोघेही संघात नाहीत, म्हणजे मुंबईवर अन्याय. दुसरी, चषकाचं नाव 'अँडरसन-तेंडुलकर' कसं? तेंडुलकर आधी हवा. 'अरे, एबीसीडीप्रमाणे आहे ते,' असं आप्पांनी सुचवून पाहिलं. 'मग त्याचं सचिन अँडरसनच्या जेम्सच्या आधी येत नाही का?' असा प्रतिप्रश्न आला. आप्पांनी बोटांवर एबीसीडी मोजली, 'जे' आधी येतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते गप्प बसले. जिंकता येत असलेले सगळेच वाद जिंकायचे नसतात, हे त्यांना संसारात कळलेलं आहे.

फॉर्म ही गोष्ट सिलेक्टरच्या हिशेबात एका सत्रापुरती असते. लीड्सला ऋषभ पंत क्रीजमधून पुढे धावला तेव्हा तो 'बेजबाबदार' होता, शंभर झाल्यावर 'निडर' झाला, आणि बाद झाल्यावर 'मी म्हटलंच होतं' झाला. दुसऱ्या डावात हाच क्रम पुन्हा. यात सिलेक्टरला एकट्यालाच का हसावं? डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला पंतच्या एका फटक्यावर गावसकर समालोचन करताना तीनदा 'स्टुपिड' म्हणाले होते, आणि लीड्सच्या शतकानंतर तीनदा 'सुपर्ब'. फरक इतकाच की, गावसकरांनी मध्ये सहा महिने जाऊ दिले.

यशस्वी जैस्वालचं प्रकरण जास्त नाजूक. एप्रिलमध्ये त्याने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी अर्ज केला होता आणि पुढे तो मागेही घेतला. सिलेक्टरने अर्ज मागे घेतल्याची नोंद अर्धवटच घेतली. लीड्सच्या पहिल्या दिवशी जैस्वालने १०१ केल्या, तेव्हा तो आझाद मैदानाच्या तंबूत राहून वर आलेला 'आपला पोरगा' होता. मग इंग्लंडच्या डावात त्याने एकामागून एक झेल सोडले. सिलेक्टर शांतपणे म्हणाला, 'गोव्याला जायला निघालेला ना तो, लक्ष नसणारच.' शेजारी मडगावचे एक गृहस्थ बसलेले असतात. ते एरवी वादात पडत नाहीत, पण त्या दिवशी पडले. 'झेल सोडले की गोव्याचा काय? मग १९७१ ला वेस्ट इंडिजमध्ये ६४२ धावा करणारा दिलीप सरदेसाई कुठला? मडगावचा. तो बरा तुम्ही मुंबईचा करून घेतलात!' सिलेक्टरने छत्री उघडली. पाऊस नव्हता.

लीड्सला भारताच्या पाच शतकांनंतरही इंग्लंडने ३७१ चं लक्ष्य गाठलं. पहिल्या डावात शेवटचे सात गडी ४१ धावांत, दुसऱ्यात सहा गडी ३१ धावांत गेले होते. शेपूट लांबवायचं म्हणून पुढच्या सामन्यांत अष्टपैलू वाढले, आणि कट्ट्याला मालिकाभर पुरेल असा विषय मिळाला: कुलदीप यादव. हरलो की 'कुलदीप हवा होता'. एजबॅस्टनला ३३६ धावांनी, त्या मैदानावर पहिल्यांदाच जिंकलो, तर 'कुलदीप असता तर चौथ्या दिवशीच आटपलं असतं'. कुलदीप पाचांपैकी एकही कसोटी खेळला नाही, त्यामुळे त्याचा फॉर्म अखेरपर्यंत टिकून राहिला. करुण नायरला ही सवलत मिळाली नाही. २०१६ ला त्रिशतक ठोकलेला आणि आठ वर्षांनी परतलेला हा फलंदाज चार कसोट्यांत २०५ धावा करून गेला. आदल्या रणजीत त्याने विदर्भासाठी खोऱ्याने धावा काढल्या होत्या, म्हणून कट्ट्यावरचा नागपूरकर त्याची वकिली करायचा. 'अरे, पण तीस-चाळीस तर करून राहिला ना बावा!' त्यावर सिलेक्टर म्हणायचा, 'तीस-चाळीस तर मीही करीन.' इथे आप्पा हळूच विचारायचे, 'बारावा असताना?'

खुद्द आप्पांची अवस्था निराळीच होती. १९७१ ला त्यांनी ट्रान्झिस्टर कानाला लावून गावसकरांच्या ७७४ धावा ऐकलेल्या, ऑगस्टमध्ये वाडेकरांच्या संघाने ओव्हल जिंकल्याचंही ऐकलेलं. आता पंचवीस वर्षांचा शुभमन गिल उठला आणि त्यांच्या देवघरातली एकेक मूर्ती हलवू लागला. एजबॅस्टनला २६९ करून त्याने इंग्लंडमधली भारतीयाची सर्वोच्च खेळी आपल्या नावावर केली. ती १९७९ पासून गावसकरांच्या २२१ ची होती. मग भारतीय कर्णधार म्हणून एका मालिकेतल्या ७३२ धावांचा विक्रम डळमळू लागला. ओव्हलला उतरताना गिलच्या ७२२ झाल्या होत्या आणि ७७४ समोर दिसत होत्या. पहिल्या डावात तो २१ वर धावबाद झाला, तेव्हा आप्पा 'अरेरे!' म्हणाले. पण ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात माणसं लग्नाचं आमंत्रण देतात. दुसऱ्या डावात ११. एकूण ७५४. आप्पांनी त्या संध्याकाळी मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारल्या.

लॉर्ड्सचा सोमवार मात्र सगळ्यांनाच जड गेला. १९३ हव्या होत्या. जाडेजा ६१ वर नाबाद उभा राहिला, बुमराने ५४ चेंडू खेळून काढले, सिराजने ३०, आणि २२ धावा कमी पडल्या. त्या रात्री अकराला सिलेक्टरने रस्त्यावरच्या दिव्याखाली सिराजची विकेट पुन्हा लावून दाखवली. तीन स्टंप म्हणून चहाचे तीन रिकामे ग्लास कट्ट्यावर ओळीने मांडले. चेंडू म्हणून पुडीतला खारा शेंगदाणा. छत्री सरळ धरून त्याने दाणा बॅटच्या मधोमध घेतला. 'बघा, बशीरचा बॉल. बचाव परफेक्ट. इथपर्यंत चूक शून्य.' मग छत्रीच्या टोकाने दाणा हळूहळू मागे, लेग स्टंपच्या ग्लासापर्यंत ढकलत नेला. 'आता इथे पाय मारायचा. फुटबॉल खेळल्यासारखा. आम्ही कांगाला हेच करायचो.' पाय मारून दाखवताना ग्लास खाली पडला आणि फुटला. चहावाल्याने येऊन काचा गोळा केल्या, पंधरा रुपये घेतले आणि जाता जाता म्हणाला, 'साहेब, बॉल सोडून स्टंपलाच मारलात.'

याच लॉर्ड्सवर दुसऱ्या दिवशी सकाळी नवा चेंडू जेमतेम दहा षटकांत बदलला गेला होता. त्याचीही सिलेक्टरकडे तांत्रिक फोड होती. पंच खिशातून दोन कड्या काढतात. एकीतून चेंडू पार व्हावा लागतो आणि दुसरीत अडकावा लागतो. दुसरीतूनही सुटला तर तो झिजलेला, पहिलीत अडकला तर फुगलेला. इथवर सगळं अचूक होतं. त्यापुढे 'ड्यूक्सची शिवण उन्हाने सैल होते आणि लंडनमध्ये यंदा ऊन आपल्या मुरबाडइतकं आहे' हे त्याने स्वतः घातलं.

मँचेस्टरला कट्टा एकमताचा झाला, ही मालिकेतली दुर्मीळ घटना. सामना अनिर्णित जाणार हे दिसताच स्टोक्सने हात पुढे केला. जाडेजा ८९ वर होता, वॉशिंग्टन सुंदर ८० वर. दोघांनी हस्तांदोलन नाकारलं आणि शतकं पुरी केली. मुंबईत याला खडूसपणा म्हणतात आणि तो शाळेपासून शिकवतात. 'बरोबर केलं,' सिलेक्टर म्हणाला. 'बरोबर केलं,' आप्पा म्हणाले. मडगावकर आणि नागपूरकरांनीही माना हलवल्या. मग बोलायला काही उरलं नाही आणि सगळे अस्वस्थ होऊन लवकरच घरी गेले.

बुमराचा प्रश्न एका कॉलेजच्या पोराने काढला. बुमरा तीनच कसोट्या खेळणार हे आधीच ठरलं होतं. मालिका संपल्यावर पोराने मोबाइलवर यादी लावली आणि म्हणाला, 'काका, बुमरा खेळला त्या तिन्हींत दोन हरलो, एक ड्रॉ. खेळला नाही त्या दोन्ही जिंकलो.' सिलेक्टरने क्षणभरही न दवडता उत्तर दिलं, 'बुमरा नाही म्हटलं की बाकीचे जबाबदारीने टाकतात. म्हणजे बुमराच्या न खेळण्याचा संघाला फायदा होतो. पण तो फायदा मिळायला आधी बुमरा संघात तर पाहिजे ना!' पोराने ते दोनदा मनात म्हणून पाहिलं आणि नाद सोडला. गिल पाचही नाणेफेकी हरला, त्यावरही सिलेक्टरचं निदान तयार होतं: बॅटिंगचा फॉर्म होता, कॉलिंगचा गेला होता.

ओव्हलचा रविवार. ३७४ चा पाठलाग करताना इंग्लंड ३ बाद ३०१. ब्रूक १९ वर असताना सिराजने त्याचा झेल घेतला होता, पण पाय सीमारेषेच्या दोरीवर पडला. ब्रूक १११ करून गेला. सिलेक्टरने टीव्ही बंद करून जाहीर केलं, 'संपली. सिराजला तिथे उभा कुणी केला?' रात्री उघडून पाहतो, तर ६ बाद ३३९. सोमवारी ३५ धावा किंवा चार गडी. साडेतीनला बँकेच्या काउंटरवर त्याने अर्धवट उघड्या खणात मोबाइल ठेवला. रांगेतल्या पहिल्या बाईंनी पासबुक पुढे केलं, खणाकडे पाहिलं आणि पासबुक मागे घेतलं. 'राहू द्या, ओव्हर संपू द्या आधी.' तासाभरात तीन गडी पडले, वोक्स खांदा निखळलेला डावा हात स्वेटरच्या आत बांधून उतरला, आणि सिराजच्या यॉर्करने अ‍ॅटकिन्सनचा ऑफ स्टंप उडवला. सहा धावांनी विजय. धावांच्या हिशेबात भारताचा सर्वांत निसटता. आधीचा १३ धावांचा होता, २००४ ला आपल्या वानखेडेवरचा. सिराजचे मालिकेतले बळी २३.

संध्याकाळी कट्ट्यावर पेढे आले. सिलेक्टरने एक उचलला, पण चेहरा तक्रारीचाच. 'जुरेलने ग्लोव्ह काढून का ठेवला नव्हता? वोक्स एका हाताने पळतोय, बाय चोरतायत, आणि याच्या हातात ग्लोव्ह! तिथेच रनआउट होता. सात धावांनी जिंकलो असतो.'

ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडिजचा संघ आला. दिल्लीच्या कसोटीत कुलदीपने पहिल्या डावात पाच बळी घेतले. पोरगा मोबाइल घेऊन धावतच आला. सिलेक्टरने स्कोअरकार्ड पूर्ण वाचलं, चष्मा काढून पुसला आणि सगळ्यांकडे पाहिलं.

'आता सांगा. इंग्लंडला का नेला नाही याला?'

'नेला होता, काका. खेळवला नाही.'

'तेच म्हणतोय मी जूनपासून,' सिलेक्टर म्हणाला आणि दुसऱ्या डावासाठी त्याने चहावाल्याकडे ग्लास मागितले. चहावाल्याने कागदी कप दिले.