आधी ॲडमिट व्हा!

आरोग्य विम्याची पॉलिसी उघडा आणि अपवादांच्या यादीतलं चौथं कलम वाचा. फक्त तपासणी आणि निदानासाठी दाखल झालात, तर खर्च मिळणार नाही. कलमाचे शब्द विमा नियामक इर्डानेच ठरवून दिलेत, त्यामुळे कंपनी बदलूनही सुटका नाही.

‘पण दाखल होण्याआधीच्या तीस दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे मिळतात,’ असं एजंट सांगतो. खरं आहे. अट एकच, पुढे त्याच आजारासाठी दाखल व्हायला हवं.

रिपोर्ट चांगला आला, तर बिल तुमचं.

मग ‘फ्री हेल्थ चेकअप’चं काय? जुन्या धाटणीच्या कित्येक पॉलिसींत चार वर्षं एकही क्लेम नसेल, तर विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत. तीन लाखांच्या पॉलिसीवर तीन हजार, तेही चार वर्षांनी. नव्या पॉलिसींत दरवर्षी मिळतं, कंपनीच्या यादीतल्या लॅबमध्ये. साखर, कोलेस्टेरॉल, सीबीसी, फार तर ईसीजी. पंचविशीचा मुलगा आणि पन्नाशीची बाई, दोघांना कित्येक ठिकाणी हीच यादी. मॅमोग्राफी कुठाय?

सरकार करात सवलत देतं म्हणे. कलम ८०डी, प्रतिबंधक तपासणीसाठी पाच हजार. आकडा २०१२च्या अर्थसंकल्पातला, अजून तोच. लॅबचे दर तेवढेच राहिलेत का? शिवाय हे पाच हजार पंचवीस हजारांच्या एकूण मर्यादेच्या आत. प्रीमियमनेच ती मर्यादा भरली, तर तपासणीच्या वाट्याला शून्य. आणि नवी करप्रणाली घेतली असेल, तर ८०डीचं नावच घेऊ नका.

आजार लवकर सापडला तर कंपनीचाच पैसा वाचेल ना? वाचेल, पण कोणत्या कंपनीचा? पॉलिसी सहसा एका वर्षाची असते. आज तपासणीवर खर्च करायचा आणि दहा वर्षांनी टळलेल्या कॅन्सरचा फायदा तुम्ही पोर्ट करून गेलात त्या कंपनीला. असा हिशेब कोण मांडेल? म्हणून तपासणीचा प्रश्न कंपन्यांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

तपासणीने जीव वाचतो याचा पुरावा हवाय? तो बाहेरून आणायला नको. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९पासून गावोगावच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांना घेऊन मोठा अभ्यास केला. ज्या गटाची फक्त एकदा एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी झाली, त्यात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. मुंबईच्या वस्त्यांत तर याहून साधी गोष्ट केली. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं, त्यांनी सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते, लावून तपासण्या केल्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ना मोठं यंत्र, ना लॅब.

अभ्यास जगभर गाजले. पॉलिसीत पोचले नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या किती बायकांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी करून घेतली होती? देशभरात १.९ टक्के. शंभरातल्या दोनही नाहीत!

तिशीपुढच्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची मोफत तपासणी आहे. कागदावर उत्तम. तुमच्या उपकेंद्रात ती कोणत्या वारी होते, विचारून बघा. महात्मा फुले योजना पाच लाखांपर्यंत उपचार देते, आणि त्याने घरं वाचलीत हे मान्यच. पण ती येते आजार उभा राहिल्यावर.

एक मात्र मान्य करू. डझनावारी चाचण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज विम्यात घाला, असं कुणी म्हणत नाही. त्यातल्या कित्येक चाचण्या लॅबच्या सोयीच्या. मागणी मोजक्या, सिद्ध झालेल्या, वयानुसार ठरलेल्या चाचण्यांची आहे. एचपीव्ही चाचणी तर पाच ते दहा वर्षांतून एकदा पुरते, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. इतकंही परवडत नाही?

इर्डाला नियम बदलता येत नाहीत, असंही नाही. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीनवर २०२४मध्येच आला. मग त्या मोजक्या चाचण्या प्रत्येक पॉलिसीत सक्तीच्या करायला काय अडतं?

तोवर नूतनीकरणाचा फोन आला की प्रीमियमच्या आधी विचारा: माझ्या वयाला लागणाऱ्या कोणत्या तपासण्या यात आहेत? आणि उत्तर ईमेलवर मागा.